सलामतूची कानफाटी

"मेली गं तुझी कानफाटी! डोसोच्या रस्त्यावर ट्रकनं उडवली!"

हंबाली कुंपणाबाहेरूनच ओरडला. सलामतू बाजरी कांडत होती. मुसळ तिच्या हातातून सुटलं. हंबाली तिचा मामेभाऊ. आते-मामे भावंडांनी एकमेकांना शिव्या घालायच्या, अगदी मयताच्या दारातसुद्धा, ही झारमा लोकांची जुनी रीत. त्यामुळे या माणसाचं खरं कुठलं आणि थट्टा कुठली, हे जन्म गेला तरी तिला धड कळलं नव्हतं.

"खोटं असेल तर जीभ झडेल तुझी!"

"अगं, सगळी वाडी बघायला गेलीय. जिराफ मेलंय एवढं खरं. आणि या बाजूला तुझ्या त्या लाडकीशिवाय दुसरं कोण कडमडतं? चल, बस गाडीत. रडायला भाडं घेणार नाही."

सलामतू गाढवाच्या गाडीत बसली.

दरवर्षी पाऊस सरला की कानफाटी कुरेच्या पठारावरून खोऱ्यात उतरायची, ती थेट सलामतूच्या दारात. शेळ्यांचं तोंड पोहोचू नये म्हणून चवळीचा पाला छपरावर वाळत टाकायचा, आणि तो नेमका या बयेच्या तोंडाशी यायचा. सलामतू मुसळ उगारून धावायची, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. यंदा थंडी पडली, पाला वाळून खडखडीत झाला, तरी कानफाटीचा पत्ता नव्हता. "बरं झालं, पीडा टळली," सलामतू चारचौघांत म्हणायची. पाला मात्र कुणाला खाली काढू देत नव्हती.

ती नवी नवरी होती तेव्हा हे फिकट ठिपक्यांचे जिराफ संपत आले होते. आजूबाजूच्या साऱ्या मुलखांतून नाहीसे झाले होते. इथंही एखादा दिसला तर बायका चुली सोडून बाहेर यायच्या. मग हळूहळू पिल्लं दिसू लागली, कळप वाढले. सलामतूचं घर मात्र रिकामं होत गेलं. नवरा वारला, मुलं किनाऱ्यावरच्या शहरांत कामाला गेली. अंगणात उभं राहून हक्कानं ओरडावं अशी कानफाटीच काय ती उरली होती.

रस्त्याच्या कडेला गर्दी होती. वनखात्याचा झिबेरू लोकांना मागे सारत होता. सलामतू वळसा घालून डोक्याकडे गेली. दोन्ही कान धड होते. शिंगांचे शेंडे झुंजींत झिजून टकले झालेले. नर होता!

ती मटकन वाळूत बसली. "अल्ला, तुझे उपकार! माझी नाही ही, माझी नाही!" म्हणत ती हमसाहमशी रडू लागली.

"कानफाटी होय, आजी?" झिबेरू म्हणाला. "कालच बघितली की मी. पिल्लू झालंय तिला. त्या मोठ्या कडुलिंबाखालच्या शेतात चवळी खातायत दोघं."

"कडुलिंबाखालच्या?" हंबालीचा चेहरा पडला. "अरे, ते माझं शेत!"

सलामतू रडता रडता हसायला लागली. "आळशी मेल्या! वेळेवर काढली असतीस तर? जा, हाकल शेपटी धरून!"

हंबाली गाडीकडे पळाला.

"मारू नकोस रे तिला!"

"मारतोय कसला! शिव्या तरी घालू देशील की नाही?"

पिल्लू बघायला अर्धी गर्दी त्याच्यामागे धावली. रस्ता मोकळा झाला. मेलेल्या जिराफाच्या डोळ्यावर माश्या घोंघावत होत्या. याच्याच उशाशी बसून आपण आत्ता अल्लाचे उपकार मानले, हे सलामतूच्या ध्यानात आलं आणि तिची तिला लाज वाटली. खांद्यावरचं कापड काढून तिनं त्याच्या तोंडावर घातलं. ते डोक्यापुरतंच पुरलं. एवढी लांब मान उघडीच राहिली.

"पुरायला माणसं यायला वेळ लागेल, आजी. तुम्ही जा घरी."

"मला कसली घाई? माझी आहे सुखरूप. याची आई कुठं वाट बघत असेल, कोण जाणे."

आणि मानेपाशी सरकून बसून ती हातानं माश्या वारू लागली.