शंभर ग्रॅम

मी कधीच न पाहिलेल्या, पुण्यातल्या कुठल्याशा खोलीतल्या मशीनवर, जव्हारच्या भाड्याच्या घरात बसून पायथनचा नोटबुक सर्व्हर, म्हणजे आकडे भरले की आपोआप हिशेब करणारा प्रोग्रॅम, उभा करायला मला चार दिवस लागले; त्यातला दीड दिवस पासवर्ड चुकण्यात गेला, कारण मांडीवर माझी लेक प्राजू होती आणि तिलाही कळा दाबायच्या होत्या. पाड्यांवरच्या अंगणवाड्यांतली मुलांची वजनं भरायची आणि दर पाच तारखेला आलेख काढायचा, एवढंच मी ज्या संस्थेत होते तिचं काम.

दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर गेली आणि रकाने रिकामे येऊ लागले. तुटका आलेख साहेबांना आवडत नाही, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली: वजन नसेल तर मागच्यात शंभर ग्रॅम मिळवा. मूल आहे, वाढणारच. आई असून एवढंच सुचलं मला.

त्याच महिन्यापासून प्राजूचं वजन साडेआठ किलोवरून उतरू लागलं. दर पाच तारखेला, नेमकं शंभर ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, दात येताहेत. सासूबाई म्हणाल्या, "त्या डबड्यापुढनं ऊठ आणि पोरीला भरव." मी दोघांचंही ऐकलं, आणि सर्व्हर चालूच ठेवला.

होळीला माणसं परतली, तेव्हा प्राजूला कडेवर घेऊन मी पाड्यावर गेले. अंगणवाडीच्या दारात एक बाई गुडघे जवळ घेऊन बसली होती. आत सेविका गौराबाई वह्या लावत होत्या.

"नवशीचा तुका छान वाढलाय हो," मी म्हणाले. "साडेनऊ किलो."

गौराबाईंनी दाराकडे पाहिलं. "हळू बोला, ताय. नवशी तीच हाय."

"मग?"

"तुका भट्टीवरच मेला. गेल्या गेल्या, चार दिसांत. मेल्या पोराचं काय लिवायचं, म्हून रकाना मोकळा सोडला मी."

चार महिने. नऊ किलो शंभरपासून मी त्याला वाढवत होते.

टेकाडावर रेंज मिळते तिथं जाऊन मी मोबाइलवरून ती ओळ पुसली, सर्व्हर बंद केला, तो बंद झाल्याचं तीनदा तपासलं. मग खाली येऊन प्राजूला काट्याच्या झोळीत बसवलं. आठ किलो शंभर. एवढं तरी राहू दे, असं पुटपुटत तिला उचलून छातीशी धरलं.

रिकामी झोळी थोडी हलली. काटा शून्याकडे न जाता सावकाश पुढं सरकला आणि साडेनऊवर थांबला.

दारातली नवशी उठून आत आली आणि तिनं झोळीखाली दोन्ही हात धरले.