टोपलीतलं नाव

ओठांत धरलेल्या टाचणीचं गार, मोहरीएवढं डोकं जिभेला लागलं आणि काल दुपारी पडद्यावर वाचलेली ओळ तिला पुन्हा दिसली — हे नाव उपलब्ध आहे. परवाही होतं. गेले अकरा दिवस होतं. जाता-येता एखादी खोली अजून रिकामीच आहे ना, हे बघून यावं, तशी ती रोज जेवणानंतर कॉम्प्युटर उघडायची, दोन बोटांनी एकेक अक्षर दाबायची, ती ओळ आली की तिला हायसं वाटायचं... आणि थोड्या वेळाने वाटायचं, एवढ्या मोठ्या जगात हे नाव कुणालाच नको आहे.

समोर वकिलाचा कोट होता. कोपराला कसरीने पाडलेलं भोक. तिने कोट उलटा केला, खालची दुमड उसवली आणि आतून एक धागा अलगद ओढून घेतला. बाहेरचा धागा रफूला चालत नाही, रंग कितीही जुळवला तरी दिसतोच. त्याच कापडाच्या पोटातला घ्यावा लागतो, जिथे कुणी कधी बघणार नाही तिथला. दुमड तेवढी विरळ होते. होऊ दे.

रस्त्याकडचं दार शेजारच्या बांधकामाने बुजवल्यापासून फारसं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. मग दूर राहणाऱ्या मुलाने फोनवर टुमणं लावलं होतं — आई, वेबसाइट काढू, तू फक्त नाव ठरव. छोटं हवं. एकदा ऐकलं की लिहिता आलं पाहिजे. मध्ये रेघा नकोत, आकडे नकोत. तिने सुचवलेलं सुईदोरा गेलेलं होतं, रफूघरही गेलेलं. रफूघरवर तर दुकानही नव्हतं, नुसती पाटी — हे नाव विकणे आहे. कुंपण घालून ठेवलेली मोकळी जागा जणू. तिला रागच आला होता. सुई न धरणाऱ्याने रफूघर घेऊन करायचं काय?

मग तिने ते नाव दाबून पाहिलं. उगाच. टाचणीबाई.

तिचा नवरा पलीकडच्या टेबलावर इस्त्री करायचा. तिच्या तोंडात टाचण्या असल्या की मुद्दाम काहीबाही विचारायचा, आणि ती नुसती मान हलवायची... काय टाचणीबाई, आज मौन का? चारचौघांत ती नुसती ‘अगं’, मुलासमोर ‘तुझी आई’. हे नाव फक्त इस्त्रीच्या वाफेतलं. तिच्या पन्नाशीत त्याने शिंप्याच्या खडूने चिंध्यांवर अक्षरं गिरवून घेतली तिच्याकडून, पण हे नाव त्याने कधी लिहून दाखवलं नाही. ते तिने स्वतः पहिल्यांदा लिहिलं अकरा दिवसांपूर्वी, कॉम्प्युटरवर. तो गेल्यापासून चार वर्षांत ते कुणी उच्चारलेलं नाही. मी तरी स्वतःला हाक कशी मारू?

आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी देऊ? फोनवरून कुणीही विचारेल — टाचणीबाई का, माझी पँट झाली का?

तेवढ्यात फोन वाजला. तिने कोपराने स्पीकर लावला.

"आई, त्या नावांच्या ऑनलाइन दुकानात गेलो होतो आत्ता, तुझ्या खात्यात. टोपलीत काय टाकून ठेवलंयस?"

ती "हं" म्हणाली. तोंडात तीन टाचण्या.

"टोपलीत ठेवलं म्हणजे आपलं झालं नाही गं! आत्ता कुणीही उचलून नेईल."

तिचा हात थांबला. इथे तर कोटाला चिठ्ठी टोचली की कोट मालकाचा, तो वर्षाने आला तरी. चिठ्ठी टोचल्यासारखंच तर तिने ते टाकून ठेवलं होतं...

"आणि घेतलं तरी कायमचं नसतं. दरवर्षी भाडं भरायचं, नाहीतर सुटतं. पण नाव झकास आहे, तुला सुचलं? एकदा ऐकलं की विसरायचं नाव नाही." तो हसला, आणि त्या हसण्यातूनच म्हणाला, "काय टाचणीबाई, घेऊ का?"

इस्त्रीचं टेबल भिंतीला लावून ठेवलेलं होतं. त्यावर परत न्यायचे कपडे. तिकडे बघू नये असं तिला वाटलं, आणि तिने बघितलं. आवाज तोच नव्हता. थोडा पातळ होता, घाईतला. पण शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं... हे याला कुणी शिकवलं? की दाराआडून ऐकत होता लहानपणी? की नुसतं रक्तातच असतं?

हो म्हणायला टाचण्या काढाव्या लागल्या असत्या. नाही म्हणायलाही.

"आई? अगं, आज नाही घेतलं तर जाईल. ऐकतेयस ना?"

तिने सुईत धागा ओवला. भोकाच्या काठावरचे मोकळे तंतू एकेक करून सुईच्या टोकावर उचलले. आता घाई नव्हती. टाचण्या ओठांत घट्ट धरून, तो पुन्हा विचारेल तेव्हा कोणत्या नावाने विचारतो, याची ती वाट बघत राहिली.