गोलकीपरचं कार्ड

आमच्या घरात आम्ही तिघं राहायचो: मी, माझा नवरा नॉर्मां आणि कार्डावरचा एक गोलकीपर.

सासरे लहान असताना चॉकलेटच्या वेष्टनात बर्फावरची हॉकी खेळणाऱ्यांची कार्डं निघायची. पूर्ण संच पाठवला की कंपनी स्केट्स द्यायची आणि तीच कार्डं पुन्हा कुणी पाठवू नयेत म्हणून प्रत्येकाला भोक पाडून परत करायची. गोलकीपर मुद्दाम मोजकाच छापलेला. त्याच्यापायी गावोगावच्या पोरांनी चॉकलेट खाऊन खाऊन दात किडवून घेतले.

सासरेबुवा मात्र ऐटीत सांगायचे, "मला मिळाला होता गोलकीपर. पण नाही दिला! स्केट्सवर पाणी सोडलं." मरताना त्यांनी ते कार्ड नॉर्मांच्या हातात ठेवलं. स्वच्छ, कुठे भोक नाही.

झालं. सगळ्यात अवघड कार्ड आधीच हाती, म्हणून बाकीची गोळा करण्यात यानं उभं आयुष्य घातलं. भोकवाली त्याला चालायची नाहीत. गावातली कागदाची गिरणी बंद पडली, आमची लेक मारीझ पोरांना घेऊन शेरब्रूकला गेली आणि हा म्हणे, "संच पुरा झाला की विकू आणि तिच्या शेजारीच घर घेऊ." मी त्या घराचे पडदेसुद्धा ठरवले होते.

यंदा मार्चमध्ये शेवटचं कार्ड आलं. त्र्वा-रिव्हिएरला जुन्या कार्डांचा मेळा भरतो, तिथे मादाम तिबोचा शब्द शेवटचा. आम्ही संच तिच्यापुढे ठेवला. एकेक कार्ड बघून ती मान डोलवत होती. गोलकीपर दिव्यावर धरला आणि मान थांबली.

"मस्यू, हे कुणी दुरुस्त केलंय?"

"दुरुस्त? माझ्या बाबांचं आहे ते!"

तिनं आम्हाला दाखवलं. गोलकीपरच्या छातीवर मटारच्या दाण्याएवढा काळा गोल.

"भोक होतं. कागदाचा लगदा भरून वर रंग दिलाय. हात सफाईदार आहे हो. पण भोक तसंच ठेवलं असतं तर निदान काहीतरी आलं असतं. आता याची किंमत शून्य."

"आणि बाकीच्यांचं काय येईल?" मी विचारलं. मला लाजबीज काही वाटली नाही.

"एखादी जुनी गाडी येईल, मादाम. घर नाही."

परतताना हिमवर्षाव सुरू झाला. माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. "थापाडे होते तुझे बाबा! मेले ते मेले, आपल्याला बुडवून गेले. आता मर इथेच, रिकाम्या गावात!" मला रडू येत होतं आणि ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

नॉर्मां गाडी चालवत होता. तो म्हणाला, "म्हणजे त्यांना स्केट्स मिळाले होते."

"मिळाले असतील. त्याचं आता काय लोणचं घालायचंय?"

"मी गोठलेल्या नदीवर एकटाच खेळायचो. ते काठावर उभे राहायचे, कोटात हात घालून. मी हाका मारायचो, बाबा, या ना! तर म्हणायचे, मला कुठे येतं रे, मला कधी स्केट्सच मिळाले नाहीत."

मी बाहीनं त्याच्यापुढची काच पुसली.

"त्यांना येत होतं गं," तो म्हणाला.