बंदीच्या सभेत दादा

रणगाडे भेदणाऱ्या युरेनियमच्या तोफगोळ्यांवर बंदी आणा, अशी मागणी करायला परिचारिका सभेत उभी राहिली. पहिल्याच रांगेत तिचा थोरला भाऊ बसला होता. तो रणगाड्यावरचा निवृत्त तोफची. सकाळीच दोघांची जुंपली होती. "त्याच गोळ्यांनी मला जिवंत घरी आणलं," असं म्हणून तो भरल्या ताटावरून उठला होता.

तिचं बोलणं संपायच्या आतच तो उभा राहिला.

"या गोळ्यांच्या धुळीने माणसं आजारी पडतात, याचा हिच्याकडे पक्का पुरावा नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं. तिने मान खाली घातली.

"पण आमच्या गोळ्यांनी जळालेले शत्रूचे रणगाडे तपासायला पाठवताना आम्हाला मास्क दिले होते. त्याच रणगाड्यांवर तिथली पोरं उघड्या अंगाने खेळत होती. खाली उतरा म्हणून ओरडलो, तर हसून हात हलवायला लागली."

"दादा, मग बंदी हवी की नको?" तिने घाबरतच विचारलं.



"पुढच्या लढाईत आपले जवान कशाच्या जोरावर परतणार, हे मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तरी मागणीच्या अर्जावर माझं नाव घाल."

तिने ते लिहिलं.