छत कोणाचं

आमच्या वकीलबाईंनी मला पढवून ठेवलं होतं, "आत गेल्यावर एवढंच म्हणायचं, की फार हाल होतात." आता हाल व्हायचे ते झालेच होते. माझा नवरा रंगारी. दवाखान्यात लस घेतली तेव्हा सुई खांद्याच्या फार वर टोचली गेली आणि ह्यांचा उजवा हात वर जाईनासा झाला. लशीला मी नावं ठेवत नाही. तीच मीही घेतली आणि ठणठणीत आहे. पण हात वर न जाणारा रंगारी अर्धीच भिंत रंगवणार ना! वरची अर्धी आणि छत मग मी रंगवायला लागले.

त्याचीच भरपाई मागितली होती. उपचारांचा खर्च, बुडालेली कामं आणि 'पत्नीला करावे लागणारे कष्ट'. दवाखान्याच्या विमा कंपनीचे वकील तडजोडीला बसले होते खरे, पण खांदा रंगकामानेच झिजला असेल, हे पालुपद काही सोडत नव्हते. आज जमलं नाही तर कोर्ट, आणि तोवर ह्यांचे उपचार लांबणीवर.

"बाई, शिडीवर चढून काम करताना फार त्रास होत असेल?" त्यांनी मला विचारलं.

जिभेवर ताबा असता तर काय हवं होतं!

"त्रास कसला? मजा येते! रोलर फिरवला की छत कसं लख्ख होतं. शिवाय वर असताना कुणी हाक मारत नाही."

वकीलबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"म्हणजे नुकसान नाहीच," समोरचे खुशीत म्हणाले.

"तिचं नाही," हे म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "नुकसान माझं आहे. भिंत कुणीही रंगवतं साहेब. छत माझं होतं, त्यावर एक डाग राहू द्यायचो नाही. आता मी खाली बसून कडा रंगवतो आणि ही वर गाणी म्हणते. मला बायकोचा हेवा वाटतो. सांगायलाही लाज वाटते."

"हे असं कोर्टात बोलले तर आमचं कठीण आहे," समोरचे वकील पुटपुटले. त्यांनी माझे कष्ट खोडले, बाकी सगळं मान्य केलं आणि सह्या झाल्या.

बाहेर आलो तेव्हा मला हसू येत होतं आणि रडूही.

"हात बरा झाला की छत परत माझं," हे म्हणाले.

ह्यांचा हात बरा व्हावा म्हणून मी एवढी धडपडले, आणि आता छत सोडवेना.

"अर्धं," मी म्हणाले.

"अगं, एका छतावर दोघांचे हात पडले की जोड दिसतो."

"दिसू दे."

रंगाऱ्याला असं सांगायचं म्हणजे कमालच. चौक आला, सिग्नल सुटला. रस्ता ओलांडल्यावर हे म्हणाले, "बरं. दिसू दे."