तीन नंबरच्या टाकीतलं लोणी

पेन्सिलीच्या बुडावर दातांच्या खुणा होत्या, जुन्या, कडेचा पिवळा रंग उडालेल्या… आणि वहीच्या सुतळीला लोंबणारी ती पेन्सिल हातात घेतल्यावर तिच्या एकाएकी लक्षात आलं, की यात नवी खूण एकही नाही. सहा महिन्यांत नवऱ्याने ही पेन्सिल एकदाही चावलेली नाही. पूर्वी टाकीतला नमुना हुंगून झाला की तो डोळे मिटून पेन्सिल दाताखाली धरायचा, बराच वेळ, आणि मग वहीत एखादाच शब्द लिहायचा — 'नाशपाती', 'ओला पुठ्ठा', 'अजून दोन दिवस'. आता पानामागून पानं तिच्याच अक्षरात होती. गोल, सुवाच्य, शाळेत फळ्यावर लिहून लिहून घोटलेलं अक्षर.

दुसऱ्या हातात पेला होता. तिने तो तिसऱ्यांदा नाकाशी नेला, जणू मधल्या दोन मिनिटांत बिअरला उपरती झाली असेल. लोणी. शंका घ्यायला जागाच नव्हती, तीन नंबरच्या टाकीत, काठोकाठ, लोणी.

लोणी म्हणजे पाप नव्हे. हे त्यानेच तिला शिकवलं होतं — यीस्ट काम करता करता हा वास मागे टाकतं आणि त्याला उबेत चार दिवस जास्त दिले तर आपलं आपणच आवरूनही घेतं. घाईने टाकी गार केली की यीस्ट झोपतं आणि पसारा तसाच राहतो. ती वेळ ओळखायची कशी, असं तिने पहिल्या वर्षी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, टाकीला विचारायचं. कॅलेंडरला नाही. आणि आता भिंतीवरच्या कॅलेंडरात बाराव्या दिवसाभोवती लाल गोल होता, त्याच्या हातचा, दोनदा गिरवलेला. ती दोन दिवस बहिणीकडे राहायला गेली होती. तेवढ्यात बारावा दिवस उजाडला आणि त्याने टाकी गार केली.

मी जायलाच नको होतं… पण हा विचार मनात आला तसा तिने तो बाजूला सारला, कारण त्यात काहीतरी गुळगुळीत होतं, स्वतःचीच पाठ थोपटल्यासारखं.

तळघराच्या वर, अंगणात पिंपं धुतल्याचा आवाज येत होता. तो शीळ घालत होता. दुपारी पिंपं भरायची होती, चारला मावशी येऊन चव बघून गेली की लगेच. मावशी म्हणजे कोपऱ्यावरच्या गुत्त्याची मालकीण, नात्याने कुणाचीच मावशी नाही, पण सगळ्या गल्लीला दटावायचा हक्क असलेली. एके काळी अकरा गुत्त्यांत या नवरा-बायकोच्या बिअरची तोटी होती. आता चार. मोठ्या कंपनीची माणसं येतात, गुळगुळीत दाढीची, हसतमुख, आणि फ्रिज देतात, दारावरची पाटी देतात, खुर्च्यासुद्धा देतात — अट एकच, तोट्या सगळ्या आमच्या. सात जणांनी खुर्च्या घेतल्या. त्यांना दोष तरी कसा द्यायचा, त्यांच्या जुन्या खुर्च्या खरोखरच मोडल्या होत्या.

सकाळी मावशीचा फोन तिनेच घेतला होता.

"चारला येते गं. तुला म्हणून सांगते, तो कंपनीवाला दोनदा येऊन गेला. मी म्हटलं, आधी आमच्या माणसाची चव बघते, मग बोलू. पण मागचं पिंप गिऱ्हाईकांनी अर्धं ठेवलं, बरं का. जिभेवर काहीतरी रेंगाळत होतं म्हणे."

"असं?" ती म्हणाली होती.

"असं. मी सही केली तर उरलेले तिघंही करतील, तुला माहितीये. म्हणून नीट चव घेणार आहे. राग मानू नको."

राग कसला मानायचा. मावशी नाकासमोर चालणारी बाई… आणि इथे ती नेहमीसारखी अडखळली. सहा महिने हे असंच चाललं होतं. भाषेत इतकी नाकं आहेत हे तिला पन्नाशीपर्यंत कळलं नव्हतं. शिडी चढून दमल्यावर 'नाकी नऊ आले' तोंडात यायचं आणि ती ते गिळायची. शेजारणीबद्दल 'नाकाने कांदे सोलते' म्हणायची तिची जुनी खोड, तीही सुटली. घरात जपून बोलायचं, जसं कर्जात बुडालेल्यापुढे सावकाराचा विषय काढत नाहीत. तो मात्र मागच्या आठवड्यात खुशाल म्हणाला होता, त्या कंपनीपुढे आपण नाक घासणार नाही, आणि तिने खाली वाकून उगाचच चपलेचा पट्टा नीट केला होता.

ही जागा पूर्वी शिड्या बनवणाऱ्याची होती. अजून भर पावसाळ्यात भिंतीतून लाकडाच्या भुशाचा वास सुटतो. वडील पहिल्यांदा आले तेव्हा तांब्याचं ते मोठं भांडं पाहून म्हणाले होते, शिकलीसवरलेली पोरगी मी भट्टीवाल्याला दिली, आता निदान ताजी तरी पाजा. तेव्हापासून जागेचं नाव भट्टीच पडलं. ती शाळा सांभाळून संध्याकाळी यायची, बाटल्यांना लेबलं लावायची. मग एका रविवारी त्याने तिला बाकावर बसवलं, डोळ्यांना फडकं बांधलं आणि झाकण घातलेल्या नऊ वाट्या एकेक करून नाकाखाली धरल्या.

"काय येतंय?"

"छान येतंय."

"छान हे पाहुण्यांनी म्हणायचं. घरच्यांनी काय येतंय ते सांगायचं."

हिरवं सफरचंद. नखांचं पॉलिश. उकडलेला कोबी. लवंग. लोणी. नवव्या वाटीला तिचं डोकं भणभणलं, पण ती फडकं सोडायला तयार नव्हती, कारण तो इतका जवळ उभा होता आणि इतक्या गांभीर्याने विचारत होता, की कुणी आपल्याला एवढं खरं कधी विचारलंच नाही असं तिला वाटलं होतं. त्या दिवसापासून भट्टीत 'छान' या शब्दाला बंदी होती. चुकून कुणी उच्चारला तर त्याने पुढची टाकी घासायची.

मग तो ताप आला. आठवडाभर. उठल्यावर तो म्हणाला, बरं वाटतंय, फक्त सगळं जरा लांबून आल्यासारखं लागतंय. एका सकाळी ती अंघोळीहून आली तर घरभर करपट वास, दूध उतू जाऊन, आटून, भांड्याला काळं धरलेलं, आणि तो तिथेच, शेगडीकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसलेला. वळून म्हणाला, "झाली अंघोळ?" तिने खिडकी उघडली. भांडं मागच्या दारी नेऊन घासलं.

त्यानंतरची पहिली टाकी. त्याने पेला फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले, सगळं यथासांग. मग पेला तिच्याकडे दिला आणि विचारलं, "काय येतंय?" ओल्या पुठ्ठ्याची बारीक झाक होती. पण तो पेल्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, बस चुकलेला माणूस चौकशीच्या खिडकीकडे बघतो तसा… आणि ती म्हणाली, "छान."

म्हटल्यावर ती थांबली. रागावेल, हातात ब्रश देईल, म्हणेल, जा, घास टाकी. त्याने रागवावं म्हणून ती जवळजवळ प्रार्थना करत होती.

"हो ना?" तो म्हणाला, आणि प्यायला.

तेव्हापासून झाकली मूठ. ती पहाटे त्याच्या आधी खाली यायची, हुंगायची, गारव्याचा काटा एखादा अंश वर करायची, वहीत लिहून ठेवायची, आणि तो वही वाचून म्हणायचा, मलाही तेच वाटलं होतं. कधी जमायचं, कधी एखादा दिवस कमी पडायचा. मागचं पिंप असंच गेलं. दया आली म्हणून करते, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. तो कोसळेल. भट्टी बंद करेल आणि खिडकीशी बसून राहील, आणि वीस वर्षांचं सगळं त्या कंपनीच्या फ्रिजखाली जाईल.

पण परवा बहिणीकडे, कपड्यांच्या घड्या घालताना, बहिणीने सहज विचारलं, कसं चाललंय तुमचं? आणि ती म्हणाली, "काय सांगू, माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही आता."

बहीण घडीतून मान वर करून हसली. "मग मजा आहे की तुझी."

ते वाक्य तिच्याबरोबर परत आलं होतं. कालपासून ती त्याला उत्तरं देत होती — जिन्यात, मोरीत, आता इथे टाकीजवळ. मजा कसली, जीव टांगणीला आहे… पण मी ते कुठल्या आवाजात म्हणाले होते? तक्रारीच्या नाहीच. वीस वर्षं मी लेबलं लावली, त्याच्या नाकाची मदतनीस, आणि गेले सहा महिने तो माझा एक शब्द ऐकल्याशिवाय घोट घेत नव्हता. मला बरं वाटत होतं. लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं.

दुपारी जेवताना त्याने चवीला म्हणून मीठ दोनदा घेतलं. तिने बरणी सरकवली नाही की अडवलीही नाही. आता बोलावं, आता… पण घास तोंडात होता, मग त्याच्या तोंडात होता, मग जेवण संपलं. चारला मावशी येणार. आज ही बिअर तिच्या पुढ्यात ठेवली तर पहिल्या घोटाला तिला कळेल, आणि दारातून बाहेर पडायच्या आत ती कंपनीवाल्याला फोन लावेल. चार दिवस ऊब आणि मूठभर ताजं यीस्ट, एवढ्याने टाकी वाचू शकेल. पण ते सांगायचं म्हणजे दुधाचं भांडंही सांगायचं.

साडेतीनला ती दोन पेले घेऊन अंगणात गेली. त्याने हात पुसले, पेला घेतला, फिरवला, नाक आत घातलं. डोळे मिटले.

"काय येतंय?"

"लोणी."

त्याने पेला खाली आणला नाही. त्यामुळे त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"किती?"

"मावशीला कळेल इतकं. मागच्या पिंपातही होतं थोडं."

नळाचं पाणी वाहत होतं, त्याने ते बंद केलं. मग एका पिंपावर बसला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

लोण्याचं विचारत नव्हता तो. "दूध करपलं तेव्हापासून."

"आणि छान म्हणत राहिलीस."

"तू म्हणू दिलंस."

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "येईल परत असं वाटलं गं. रोज सकाळी साबण हुंगून बघतो. म्हटलं, येईल तोवर कुणाला कळायला नको." त्याचा अंगठा पेल्याच्या काठावरून फिरत होता. तिने सांत्वनाचं बरंच काही ठरवून आणलं होतं, दिवसभर जुळवलेलं, त्यातलं एकही वाक्य सापडेना. सापडलं ते दुसरंच.

"मला ते आवडायला लागलं होतं."

"काय?"

"तू माझ्या तोंडाकडे बघायचास ते."

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि या वेळी तोंडाकडे नाही. फाटकाबाहेर गाडी थांबली. हॉर्न वाजला, एकदा, मग जरा लांबवून. मावशी वेळेआधीच आली होती.

"थांबू दे तिला," तो म्हणाला, आणि आपला पेला तिच्या हातात दिला. "लोणी कुणालाही येईल. लोण्याखाली काय आहे ते सांग. नुसता यीस्टचा पसारा असेल तर टाकी वाचेल, नासली असेल तर नाही. सावकाश."

तिने दोन्ही हातांनी पेला धरला आणि श्वास घेतला. लोणी आलं, पसरलं, आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, बारीक, हलणारं, नाव जिभेवर येता येता मागे फिरणारं. पूर्वी ती काहीही म्हणाली तरी तो हुंगून सांगायचा, बरोबर किंवा चूक, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या तिला त्याचं केवढं बरं वाटायचं. आता ती जे म्हणेल तेच धरून चालायचं होतं. हॉर्न पुन्हा वाजला. तिने पेला पुन्हा नाकाशी नेला. तिला भीती वाटत होती, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती भीती त्याच्यासाठी नव्हती.