घागरीच्या पेटीतलं एकच मत

मी एक जुनी मतपेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कोणावरही विश्वास नाही. माझा जन्मच मुळी संशयातून झाला. माणसं सरळ असती, तर पोलादाचं अंग, लाखेचं सील आणि वर पहाऱ्याला शिपाई, एवढा खटाटोप कशाला केला असता?

गोष्ट सत्तावन्न सालची. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. माझ्यावर घागरीचं चित्र चिकटवलं, शेजारणीवर कंदिलाचं. बैलगाडीतून आम्हाला तापीकाठच्या, गुजर शेतकऱ्यांच्या एका गावी नेलं आणि शाळेत पडद्यामागे बाकावर बसवलं. मतदाराने एकट्याने आत यायचं आणि मनाला येईल त्या पेटीत कागद टाकायचा. ऐकायला किती छान! पण गावचा कोतवाल भटू पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगत होता, ते मी ऐकलं. त्या सकाळीच खंडेरावाच्या देवळात प्रत्येक घरच्या कर्त्याने भंडारा उचलून शपथ घेतली होती, की आमच्या घरचं एकूण एक मत कंदिलाला. शपथ घ्यायला लावणारा गावचा पुढारी दगाबापू. बायकांना कोणी विचारलंसुद्धा नाही. घरधनी बोलला की झालं!

मग काय, रांग लागली. हळदीने पिवळे झालेले हात येत, मला नमस्कार करत आणि कागद शेजारणीला देत. कसलं मेलं स्वातंत्र्य, असं मला वाटलं.

एवढ्यात दगाबापूच आत आला. उसाच्या चरकात सापडून त्याच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं तुटलं होतं, भंडाऱ्याने तेही पिवळंधमक झालं होतं. त्याने मागे वळून पडदा नीट बंद आहे ना ते पाहिलं, आणि कागद माझ्या पोटात टाकला! मी दचकलेच. याचा काहीतरी डाव असणार, असंच माझ्या मनात आलं.

थोड्या वेळाने त्याची सून प्रमिलाबाई आली. घागरवाला उमेदवार तिच्या माहेरच्या गावचा. तिने माझ्या झाकणावर हात ठेवला, बराच वेळ विचार केला आणि कागद टाकला कंदिलाच्या पेटीत. शपथेला भ्यालीस गं बाई, असं मी मनात म्हटलं. माझा अंदाज साफ चुकला होता.

मोजणीत माझ्या पोटातून एकच कागद निघाला. त्यावर हळदीचा ठसा होता, आणि भंडारा तर फक्त पुरुषांनी उचलला होता. पण संशयाने आंधळ्या झालेल्यांना तो ठसा दिसेल तर ना! गावाने बोट दाखवलं प्रमिलाबाईकडे. तिचं माहेर घागरीकडचं, वर ती लिहायला-वाचायला शिकलेली.

मोजणीनंतर मला तालुक्याच्या कचेरीत ठेवलं, तिथे येऊन भटूने पुढचं सगळं सांगितलं. दगाबापूच्या अंगणात गाडी जुंपली. कबूल हो, नाहीतर कायमची माहेरी जा, असा पंचांचा निवाडा होता. सासू वत्सलाबाईने विचारलं, "कोठे टाकं व तू? सांगी दे ना!"

कंदिलाला टाकलं, एवढं खरं बोलली असती तर ती सुटली असती. पण डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती म्हणाली, "पडदामांगे मी एकली व्हतू. ते मन्हाजोडेच ऱ्हाई. मी सांगाव नही."

आणि ती गाडीत चढून बसली.

दगाबापू खाली मान घालून ओट्यावर बसला होता. बैलांनी पाऊल उचललं, तसा तो उठला आणि त्याने कासरा धरला. "ते मत मन्हं शे," तो म्हणाला. "सारं गाव मन्हं ऐकस. एक डाव मी मन्हं सोतानं ऐकं."

मग वत्सलाबाई म्हणाली, "म्हतारा सूनले वाचाडी ऱ्हायना!" सुनेला वाचवायलाच म्हातारा खोटं बोलतोय, असं समजून पंचांनीही माना डोलावल्या. पुढाऱ्याचा मान राखून गाडीचे बैल सोडले आणि सून घरात गेली. त्याच्यावर मात्र कोणाचा विश्वास बसला नाही तो नाहीच.

हे ऐकून मला माझीच लाज वाटली. जिला मी भित्री म्हटलं, ती घर सुटलं तरी भ्याली नाही; तिचं मत पूर्ण तिचं होतं. भय होतं ते शपथ घ्यायला लावणाऱ्यालाच, म्हणून तर त्याने आधी पडदा बंद आहे ना ते पाहिलं.

बासष्टपासून सगळ्या उमेदवारांना मिळून एकच पेटी झाली. माझं चित्र खरवडून काढलं. आता मी शहाद्याच्या कचेरीत अडगळीत पडले आहे, पोटात जुने शिक्के आणि वाळवी. फटीपाशी हळदीचा डाग अजून आहे. तो कोणी घासू नये, एवढी माझी विनंती आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, पडद्यामागे जाल. तुमचा हात कोणी मागून ढकलत नाही ना, ते आधी बघा. बाहेर आल्यावर काय केलं ते कोणालाही सांगू नका. मलासुद्धा नाही. माझा काय भरवसा? आज बघा ना, दोघांचंही गुपित तुम्हाला सांगून बसले.